चार कलमे आणि एक पत्र

साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकाने एका कायद्याची समीक्षा करावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु कायदा हेही लेखनच आहे. त्याला कर्ता असतो, त्याची शैली असते, आणि त्यात कोणाला बोलू द्यावे व कोणाला गप्प ठेवावे याचा निर्णयही झालेला असतो. कादंबरी वाचताना आपण पात्रांविषयी जे प्रश्न विचारतो, तेच १८९७ च्या साथरोग अधिनियमाला विचारून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निमित्त जुने नाही. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने हाच कायदा लागू केला आणि मुलुंडच्या आपल्या कुटुंबांची जवळजवळ दोन वर्षे त्याच्या छायेत गेली. त्या काळात आपण रोज नवे आदेश वाचत होतो. ज्या कायद्यातून ते निघत होते तो मात्र कोणी उघडून पाहिला नाही. तो दीड-दोन पानांचा आहे.

त्याचा जन्म मुंबईचा म्हणायला हरकत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच समाजातले डॉक्टर. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. तो कोणाचा हे तेथून नित्य जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. निदान झाल्यावर महापालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी, हाताशी असलेल्या महापालिका कायद्याच्या आधारे, रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला. लोक गाठोडी बांधून शहर सोडू लागले. हाताशी असलेले अधिकार पुरत नाहीत असे सरकारला वाटू लागले, आणि २८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एक विधेयक मांडले गेले. ४ फेब्रुवारीस ते मंजूर झाले. एवढा दीर्घायुषी कायदा लिहायला एक आठवडा पुरला.

मूळ कायदा चार कलमांचा. पहिले नाव आणि व्याप्ती सांगते. दुसरे हा त्याचा प्राण. एखाद्या भागात भयंकर साथ आली आहे किंवा येऊ घातली आहे, आणि नेहमीचे कायदे अपुरे आहेत, असे सरकारला वाटले की आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याचा, कोणालाही तसे करण्याचा अधिकार देण्याचा आणि लोकांनी पाळावयाचे तात्पुरते नियम करण्याचा अधिकार हे कलम सरकारला देते. तिसरे नियम मोडणाऱ्यास शिक्षा सांगते. चौथ्याचे म्हणणे असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या किंवा करू इच्छिलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही.

आता यातले शब्द पाहावेत. ‘भयंकर साथ’ म्हणजे कोणती, याची व्याख्या नाही. ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे सांगितलेले नाही. ‘आवश्यक वाटतील’ हे क्रियापद पुनःपुन्हा डोकावते आणि वाटणारा प्रत्येक वेळी एकच असतो. खर्च कोणी सोसावा हे ठरवण्याचा अधिकारही सरकारला दिला आहे, आणि तेथे कंसात नुकसानभरपाईचा उल्लेख येतो, ‘असल्यास’ या पुरवणीसह. ज्याची झोपडी जाळली, ज्याचे अंथरूण-पांघरूण पेटवून दिले, त्याच्या वाट्याला आख्ख्या कायद्यात हा एक कंस आला. आणि रोगी? तो रोगी म्हणून या लेखनात कुठेच येत नाही. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ज्यांचा संशय येईल त्यांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवावे, एवढ्यापुरता तो संशयित म्हणून डोकावतो. त्याला औषध मिळावे, त्याच्या माणसांना त्याची खबर मिळावी, त्याने तक्रार केली तर ती कोणी ऐकावी, असे एकही वाक्य नाही. नाटकातील मुख्य पात्राला प्रवेश द्यायचाच नाटककार विसरला आहे, अशी ही संहिता आहे.

साथीच्या काळात सरकारच्या हाती जादा अधिकार नसावेत, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणारा माणूस एकतर साथीत राहिलेला नसतो किंवा त्याच्या घरात वृद्ध आईवडील नसतात. व्हिएगस हेही शहर स्वच्छ करण्यासाठी आणि प्लेग उघडपणे मान्य करण्यासाठी अधिकाऱ्यांच्या मागे लागलेच होते. अधिकार कोणत्या शब्दांत दिला जातो, हा माझा प्रश्न आहे.

पुण्यात त्या शब्दांचा जो अर्थ लावला गेला, तो मराठी वाचकाला शाळेपासून पाठ आहे. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड, मार्च १८९७ मध्ये कामावर लावलेले ८९३ लष्करी अधिकारी व शिपाई, १३ मार्च ते १९ मे या काळात झालेल्या घरझडत्या. माजघरात आणि देवघरात शिरणारे सोल्जर, रस्त्यात होणारी स्त्रियांची तपासणी, बाहेर फेकलेले सामान. आणि मग राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र, २२ जून, गणेशखिंड. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. (आपल्या राज्यात हाच कायदा २०२० मध्ये १३ मार्च या तारखेपासूनच लागू झाला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये. पण तारीख लक्षात राहते खरी.)

या घटनेवर मराठीत जे लिहिले गेले, दाखवले गेले, त्यातील बहुतेकांची एक खोड मला खटकत आली आहे. ते सारे रँडविषयी आहे. दामोदर चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त घ्या. भाषा ठसठशीत, ठिकठिकाणी विलक्षण मोकळी; एका तरुणाच्या मनातील रागाचा असा दस्तऐवज आपल्या भाषेत दुर्मीळच. पण त्या रागाचा खरा विषय धर्म आहे. सुधारक आणि मिशनरी यांच्यावरही तो तितकाच बरसतो. प्लेगच्या खाटेवरचा माणूस त्याच्या कडेला राहतो. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा चित्रपट संयमी आहे, घोषणाबाजी टाळतो, आणि आजही आवर्जून पाहावा असा आहे. तथापि त्याचे नावच ‘२२ जून १८९७’ आहे, म्हणजे हत्येची तारीख. ४ फेब्रुवारी ही तारीख कोणत्याही मराठी कलाकृतीचे शीर्षक झाल्याचे मला ठाऊक नाही. एका उद्दाम अधिकाऱ्याचा निकाल आपण लावला, पण ज्या दीड-दोन पानांनी त्याला उद्दाम होण्याची मुभा दिली त्यांना आपल्या साहित्याने साक्षीलाही बोलावले नाही. रँड गेला, कायदा राहिला, आणि स्वराज्य आल्यावरही राहिला. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यातच तो पुन्हा वापरला गेला.

साहित्याने असा खटला चालवल्याचे एक उदाहरण कॅथलिक परंपरेतच आहे. इटालियन लेखक अलेस्सांद्रो मान्झोनी यांची ‘इ प्रोमेसी स्पोझी’ ही कादंबरी १६३० च्या मिलान शहरातील प्लेगपर्यंत येऊन पोहोचते, आणि तेथील लाझारेत्तोत, म्हणजे रोग्यांच्या विलगीकरण आवारात, मरेपर्यंत सेवा करणारे कापुचिन संन्यासी वाचकाच्या मनातून जात नाहीत. परंतु १८४० च्या आवृत्तीला मान्झोनींनी एक छोटा ग्रंथ जोडला, ‘कलंकस्तंभाचा इतिहास’. त्यात नायक-नायिका नाहीत. भिंतींना विषारी लेप लावून प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून मिलानमध्ये दोघांचा छळ करून त्यांना ठार मारण्यात आले, त्या खटल्याची ही फेरतपासणी आहे. त्या दोघांपैकी एक, पियाझ्झा, आरोग्य खात्याचाच कर्मचारी होता. दुसरा, मोरा, न्हावी. काळच अज्ञानाचा होता, कायदेच क्रूर होते, असे म्हणून मान्झोनी न्यायाधीशांना सोडून देत नाहीत. त्याच कायद्यांत राहूनही त्यांना अन्याय टाळता आला असता, असे ते कागदपत्रांवरून दाखवतात. भीतीच्या काळातही माणूस आपल्या कृतीला उत्तरदायी असतो, हा त्यांचा पाया आहे. आपल्या १८९७ च्या कायद्याचे चौथे कलम नेमका हाच पाया काढून घेते.

आपल्याकडे मान्झोनी झाला नाही. पण त्याच्या जवळ जाणारे एक पत्र आहे, आणि ते एका ख्रिस्ती स्त्रीचे आहे.

पंडिता रमाबाई तेव्हा दुष्काळात सापडलेल्या मुलींना मध्य प्रांतातून गोळा करून आणत होत्या. प्लेगच्या नियमांमुळे त्यांना या नव्या मुलींना पुण्यात ठेवता येईना, म्हणून त्यांनी त्यांना केडगावच्या आपल्या जमिनीवर नेले. पुढे जगभर नाव झालेल्या मुक्ती सदनाच्या जन्मात या निर्बंधाचाही हात आहे. रमाबाईंना नियमांची आवश्यकता कळत नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या संस्थेतील एका मुलीला पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेण्यात आले. तेथील व्यवस्थेविषयी आणि तेथे त्या मुलीच्या वाट्याला जे आले त्याविषयी रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रास पत्र लिहिले. ज्या मुलीला सरकारने रोगापासून वाचवण्यासाठी ताब्यात घेतले, ती सरकारच्याच आवारात सुरक्षित राहिली नव्हती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप अतिशय चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले.

या पत्राचे मोल कळण्यासाठी त्याच उन्हाळ्यातील दुसरी घटना शेजारी ठेवली पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथील वृत्तपत्रातून सोल्जरांवर स्त्रियांच्या विटंबनेचे गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात; गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. त्या मागे सरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. टिळकांना त्याच सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तो काळ होता. पण अशा काळात, ज्या बाईला सनातनी धर्मबुडवी म्हणत होते आणि जिची सारी संस्था सरकारच्या मर्जीवर बंद पडू शकत होती, तिने आपल्या सहीने लिहिले. तिने साम्राज्यावर व्याख्यान दिले नाही, रँडचे चरित्रही रंगवले नाही. माझी मुलगी तुम्ही नेलीत, तिचे काय केलेत, असा तिचा रोख आहे. १८९७ च्या सगळ्या प्लेग-वाङ्मयात रोगी खऱ्या अर्थाने प्रवेश करतो तो इथे. ज्यांना शैलीच पाहायची असेल त्यांनी हे पत्र ‘केसरी’च्या अग्रलेखांशेजारी ठेवून वाचावे. टिळकांची भाषा अधिक दणकट आहे, आणि शहर सोडून न पळता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवणाऱ्या टिळकांना ती शोभतेही. पण त्या भाषेत लोक आहेत. रमाबाईंच्या भाषेत एकच मुलगी आहे.

पुण्यात झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले वारल्या. त्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी त्यावर लिहिले नाही; वेळ मिळाला नाही. आणि या साऱ्या सक्तीचा वैद्यकीय हिशेब मांडायचा तर १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की, प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसाकडे येतो. घरोघरची माणसे उचलून नेली गेली होती. उंदीर घरातच राहिले होते. मुंबईने मात्र एवढ्यातून धडा घेतला नव्हता. ९ मार्च १८९८ रोजी एका विणकराच्या आजारी मुलीला पथक न्यायला आले, तेथून मदनपुऱ्यात दंगल पेटली. पुन्हा एक मुलगीच.

आता मुलुंडकडे येऊ. २०२० ची तुलना १८९७ शी करताना जपून बोलले पाहिजे. त्या वेळी परके राज्य होते. या वेळी आपण निवडलेले सरकार होते, आणि त्याने बरेच काही चांगले केले. लालबहादूर शास्त्री मार्गावर रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या आवारात जुलै २०२० मध्ये सिडकोने उभारलेले मोठे कोविड केंद्र सुरू झाले. तेथील डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याविषयी कृतज्ञतेवाचून दुसरे काही लिहिणे अशक्य आहे. माझा रोख पुन्हा शब्दांकडे आहे. मार्च २०२० मध्ये घरी वेगळे राहण्यास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का मारला जाऊ लागला. १८९७ चा ‘संशयित’ हा शब्द असा एकशे तेवीस वर्षांनी माणसाच्या कातडीवर उमटला. २८ जून २०२० ला मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहण्याचे बंधन जाहीर केले. मुलुंडमध्ये दोन किलोमीटर म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको; तेवढ्यात जकात नाका ओलांडून आपण ठाण्यात पोहोचतो, जिथले आदेश वेगळे, पोलीस वेगळे आणि जुलैच्या आरंभी टाळेबंदीही वेगळी. काही दिवसांतच ते बंधन मागे पडले. दोनच किलोमीटर का, याचे कारण ते लागू असतानाही कोणी दिले नाही, मागे घेतानाही दिले नाही. द्यायला हवे असे कायदा कुठे म्हणतो?

आपल्या समाजाला सर्वांत खोल लागलेला आदेश ३० मार्च २०२० चा. कोविडने मृत्यू पावलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच होईल, असे परिपत्रक मुंबई महापालिकेने काढले. त्याच दिवशी ते बदलण्यात आले आणि पुरेशी जागा असलेल्या दफनभूमीत दफनाची मुभा मिळाली. काही तासांचे आयुष्य लाभलेला हा कागद होता. तरी ज्या घरात त्या आठवड्यात मृत्यू झाला असेल, त्या घराने ते तास कसे काढले असतील, याची कल्पना करावी. दहनास आज चर्चची मनाई नाही. प्रश्न तो नव्हता. केंद्र शासनाच्या मार्च २०२० च्याच मार्गदर्शक सूचनांत दफनाला मुभा होती. म्हणजे विज्ञानाने न मागितलेली गोष्ट एका सहीने मागितली होती. पुढे वांद्र्याच्या दफनभूमीतील दफनाविरुद्ध काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २२ मे २०२० रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. चेन्नईत मात्र एका ख्रिस्ती डॉक्टरच्या, सायमन हर्क्युलिस यांच्या, दफनाला एप्रिल २०२० मध्ये जमावाने दगडफेक करून विरोध केला. रोग्यांना तपासतानाच त्यांना हा आजार जडला होता, असे सांगितले जाते. त्यांच्या पत्नीला त्यांच्या इच्छेच्या जागी पुन्हा दफन करण्याची परवानगी न्यायालयातून मिळायला जवळजवळ एक वर्ष लागले.

चर्च बंद राहिली, याविषयी माझे मत काही वाचकांना रुचणार नाही. ती बंद ठेवली हे योग्यच झाले असे मला वाटते. वृद्धांनी भरलेले बाक आणि बंद खिडक्या यांचा परिणाम काय झाला असता हे उघड आहे. पण उपाहारगृहे आणि बार ऑक्टोबरात उघडली आणि प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्यास. मधल्या दिवसांत हा क्रम कोणत्या कसोटीवर ठरला, हे सांगण्याऐवजी राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात सेक्युलर या शब्दावरून पत्रापत्री झाली. भाविकाने आज्ञा पाळली. तिचे कारण ऐकण्याचा त्याचा अधिकार मात्र दोन्हीपैकी एकाही पत्रात नव्हता.

आणि कायदा? सव्वाशे वर्षांनी तो बदलला. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने, आणि नंतर सप्टेंबरात संसदेने, आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा ठरवली: साध्या हिंसेला पाच वर्षांपर्यंत कैद, गंभीर इजेला सात. डॉक्टरांना घरातून हाकलले जात होते, तेव्हा ही दुरुस्ती हवीच होती. परंतु समीक्षकाची नजर व्याख्येवर थांबते. आरोग्यसेवक कोण, हे सांगताना नव्या मजकुरात असे म्हटले आहे की, जो बाधित रुग्णांच्या थेट संपर्कात येऊ शकतो व त्यामुळे ज्याला रोग होण्याचा धोका आहे, तो. रुग्ण हा शब्द अखेर कायद्यात आला. तो दुसऱ्याला असलेल्या धोक्याचे कारण म्हणून आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा ठरवला आणि त्यात मोठी सुधारणा करावी किंवा नवा कायदा करावा, असे सुचवले. नवा मसुदा कधी लोकांपुढे आला, तर आपल्या धर्मग्रामातील वकील, डॉक्टर आणि शिक्षक मंडळींनी तो वर्तमानपत्रातील बातमीवरून न पाहता मुळातून वाचावा. आदेश किती दिवसांनी आपोआप संपतो, ते त्यात लिहिले आहे का? रोग्याला कोठे नेले हे त्याच्या घरी कळवण्याची जबाबदारी कोणाची, ते पाहावे. आदेशाचे कारण लेखी द्यावे लागते का, विधानसभेपुढे ते ठेवावे लागतात का, हेही. आणि सद्भावनेचे कलम असेलच, तेव्हा ते वाचताना रमाबाईंचे पत्र हाताशी असावे. त्या इस्पितळातील मुलीचे म्हणणे कोणापुढे मांडता येईल, याचे उत्तर मसुद्याच्या कोणत्या ओळीत आहे, ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.